शेऱ्याचा रकाना

२ मार्च, सोमवार

ही डायरी एका गिऱ्हाइकानं घर सोडताना कचऱ्यात टाकली होती. तीन वर्षांपूर्वीची, पण कोरी. छापलेले वार सगळे चुकीचे, ते खोडून मी खरे लिहितोय. पंचवीस वर्षं टेम्पोतून लोकांची घरं हलवून मला एवढंच ज्ञान झालंय की माणूस चांगला पलंग मागे टाकतो आणि रिकामे डबे बरोबर नेतो. या गिऱ्हाइकानं डबे टाकले, डायरीही टाकली. शहाणा असणार. वेडेपणा माझ्या वाट्याला आला.

लिहायला बसलो ते आजच्या बातमीमुळे. मोजणी बंद होणार.

आमच्या धंद्यात घर हलवण्याआधी एक जण जाऊन सामान मोजून येतो. यादीत चार रकाने: वस्तू, नग, माप, शेरा. शेऱ्यात 'काच आहे', 'पाय हलतो' असं लिहायचं, म्हणजे आम्ही जपून उचलतो. सामान उतरवलं की ड्रायव्हर शेजारी पोच लिहितो. गेली दोन वर्षं मोजणी करतात त्या मोजणीबाई. एप्रिलपासून गिऱ्हाईकच फोन घेऊन घरभर फिरणार, चित्र पाठवणार आणि किती खोकी लागतील ते कॉम्प्युटर सांगणार. मालकांनी बाईंना बंदराच्या गावातल्या शाखेत टेबलावरचं काम देऊ केलं. बाई म्हणाल्या, "समुद्राच्या हवेत माझे कागद सादळतात, आणि डोकंही." नको म्हणाल्या. म्हणजे एकतीस तारखेला विषय संपला.

दोन वर्षांत मी त्यांना सहा वेळा पाहिलं. त्यात दोनदा पाठमोऱ्या. त्या लोकांच्या घरात असतात तेव्हा मी रस्त्यावर असतो आणि मी घरात शिरतो तेव्हा त्या पुढच्या घरी. एवढ्यावर कुणी डायरी लिहायला बसतं का? सत्तेचाळीसाव्या वर्षी? बसलोय.

४ मार्च, बुधवार

पुढेमागे कुणी हे वाचलं तर त्याला वाटेल हा माणूस कशाला एवढा झुरतोय. म्हणून पुरावे देतो.

"लोखंडी कपाट, १. शेरा: दार उघडताना विव्हळतं. घरमालकही."
माझी पोच: "कपाट पोचलं. विव्हळणं वाटेत थांबलं. मालकांचं चालू आहे."

"आरसा, १. शेरा: खरं बोलायचा, म्हणून माळ्यावर टाकलेला."
माझी पोच: "पोचला. मी बघितलं नाही."

आज एका म्हाताऱ्या बाईंचं घर हलवलं. नवरा नुकताच गेलेला. यादीत होतं: "डुलती खुर्ची, १. शेरा: रिकामी समजून उचलू नये." मी तिला पैलवानाला हात लावू दिला नाही. पैलवान म्हणजे आमचा हमाल. फ्रिजएवढं वजन, आणि फ्रिजएवढाच बोलका. खुर्ची मी एकट्यानं छातीशी धरून उतरवली. पोचेत काय लिहावं सुचेना. "पोचली" लिहिलं.

६ मार्च, शुक्रवार

आजच्या यादीत, एका स्टुलापुढे: "शेरा: त्या खुर्चीबद्दल कुणी नुसतं 'पोचली' लिहितं का?"

कामात फार काटेकोर आहेत. अपुरी नोंद खपवून घेत नाहीत. मी खाली "यापुढे सविस्तर लिहीन" असं लिहून दिलं.

९ मार्च, सोमवार

बावीस दिवस उरले. बोलायला हवं, पण कुठं गाठायचं? ऑफिसात मालक असतात, आणि त्यांना आपला आवाज इतका आवडतो की दुसऱ्याचा शिरायला फट नसते. रस्त्यात गाठलं तर मवाली ठरेन. फोन केला तर काय म्हणू? "बाई, तुमच्या अक्षरातला 'क्ष' मला आवडतो"?

दुपारी मागच्या चौकात सिग्नलला थांबलो असताना कल्पना सुचली. बाई फक्त एकाच कारणानं कुणाच्या घरी जातात. मग मी ते कारण द्यावं.

संध्याकाळी ऑफिसात अर्ज भरला. नाव: माझं. पत्ता: माझा. काम: घर हलवणे. मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "ड्रायव्हर, तू चाललास?" मी म्हणालो, "बघतोय." शनिवारी अकराची वेळ मिळाली.

ताईला सांगितलं नाही. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आईच्या मागे तिनंच मला वाढवलं, आणि वाढवून झालंय हे तिला अजून कुणी कळवलेलं नाही. खिडकीशी बसून लोकांचे कपडे शिवते. गुडघे गेलेत. तिसऱ्या मजल्यावरून गेले अकरा महिने ती खाली उतरलेली नाही.

१४ मार्च, शनिवार

कुठून सुरुवात करू? ठीक अकराला आल्या. दाराशी दम घेत म्हणाल्या, "एकोणपन्नास पायऱ्या. शेरा मी लिहू, की तुम्हीच पोच देता?"

मी म्हणालो, "या."

दोन वर्षं कागदावर जीभ पाजळणारा माणूस, आणि तोंडातून निघालं काय, तर 'या'.

त्यांनी टेप काढली आणि कपाटाला लावली. ताईनं मशीन थांबवलं. "कोण गं बाई तू? माझं कपाट काय मोजतेस?"

"घर हलवताय ना, ताई?"

"कोण हलवतंय?"

मी डोळ्यांनी खुणावलं, नंतर सांगतो म्हणून. ताईला डोळ्यांची भाषा येत नाही. ती म्हणाली, "डोळ्यात काय गेलंय तुझ्या?"

"कुठं जाताय?" बाईंनी विचारलं. तो रकाना मी अर्जात कोरा ठेवला होता. परवाच बंदराच्या गावी खेप टाकून आलो होतो, तेच तोंडाला आलं.

"बंदराच्या गावी."

"कायमचे?"

"सामान घेऊन माणूस तात्पुरता कुठं जातो?"

बाईंच्या पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. कंपनी असली भिकार पेनं का घेते कळत नाही.

"यादीत कधी बोलला नाहीत," त्या म्हणाल्या.

"पोचेला जागा कमी असते."

त्यानंतर त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. ताईशी मात्र वीस मिनिटं बसल्या. ऊन कोणत्या बाजूनं लागतं, मशीनला किती जागा पुरते, गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले, सगळं विचारलं. मी चहा करत होतो. दूध उतू गेलं. एकूण एक तास वीस मिनिटं थांबल्या. जाताना यादीची प्रत दिली. माझं अख्खं आयुष्य एकेचाळीस नगांत बसलं. त्यात: "खुर्च्या, २. शेरा: एकीवर कुणी बसत नाही, असं दिसतं."

लागलं ते. खोटं नव्हतं, पण इतकं स्पष्ट लिहायची गरज होती का?

दार लागल्यावर ताई म्हणाली, "मला न विचारता घर मोडतोस?"

"मोडत नाही गं. नुसतं मोजलं."

"माणूस गेल्यावर मोजतात. मी बसलेय अजून."

तेव्हापासून ती भिंतीशी बोलते. मला पाणी हवं असेल तर भिंतीला कळतं.

१७ मार्च, मंगळवार

मालकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. बाईंनी बंदराच्या गावची नोकरी घेतली. सोमवारी सकाळी स्वतःहून येऊन सांगितलं म्हणे.

खोटं बोलायला जगात एवढी गावं पडली होती. मला तेच सुचावं, आणि त्यांनाही जायचं झालं तर तिथंच! नशीब थट्टा करतं हे ऐकून होतो, पण इतक्या खालच्या पातळीवर उतरेल असं वाटलं नव्हतं.

त्यांच्या बाजूनं विचार केला तर आणखी वाईट. बिचाऱ्या पोटासाठी परक्या गावी निघाल्या, आणि तिथंही हाच ड्रायव्हर समोर येणार. 'हा माणूस पाठ सोडत नाही' असंच वाटलं असणार. जिवावर आलं असेल.

२३ मार्च, सोमवार

आज एका दवाखान्याचं सामान हलवलं. यादीत तपासणीच्या टेबलापुढे: "शेरा: तुमचं घर कोणत्या भागात ठरलंय? तळमजला बघा."

दवाखान्याच्या टेबलाशी याचा काय संबंध? पण खरंच, धंद्यातल्या माणसाला जिना दिसला की राहवत नाही. मलाही नाही राहवत. पोच लिहिली: "टेबल पोचलं. बघतो."

काहीच बघणार नाही. जायचंच नाही तर बघायचं काय? पण एकदा बोललेलं खोटं गाढवासारखं असतं. पुढून ओढलं तर हलत नाही, मागून ढकललं तर लाथ मारतं.

३० मार्च, सोमवार

त्यांना निदान तिथं तरी मोकळा श्वास घेता यावा, म्हणून अर्ज रद्द करून आलो.

मालक म्हणाले, "लोक लग्न मोडतात रे. तू टेम्पो मोडतोस." मी म्हणालो, बाईंना सांगू नका. ते म्हणाले, "मला काय दुसरे उद्योग नाहीत?" नाहीत. तरी या खेपेला सांगितलं नाही, असं दिसतं.

वर हेही कळलं की जाणाऱ्या माणसाचं सामान कंपनी पोचवते, आणि शनिवारी बाईंचं सामान मी नेणार आहे. माणूस बुडत असला की त्याच्या हातात दगड द्यायची आमच्या ऑफिसची पद्धतच आहे.

४ एप्रिल, शनिवार

सकाळी सहाला निघालो. पुढच्या सीटवर तिघं: मी, बाई आणि मध्ये पैलवान. तो बसताक्षणी झोपला. साडेपाच तास त्या डोंगराच्या अलीकडून मी आणि पलीकडून बाई, अशा आम्ही गप्पा मारल्या. वळणावर तो माझ्या अंगावर यायचा, तेव्हा बाईंचा चेहरा दिसायचा. मी नंतर नंतर वळणं जरा जोरात घेत होतो.

"मागच्या रविवारी जाऊन घर बघून आले," बाई म्हणाल्या. "दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तळमजला."

"चांगलं केलंत. हमालांना सोपं पडतं."

बाई पैलवानाच्या पलीकडून पुढे वाकल्या. "हमालांसाठी कुणी घर घेत नाही, ड्रायव्हरसाहेब."

पुढे त्यांनी विचारलं, "तुमचं सामान कधी निघतंय?" मी म्हणालो, "अजून नक्की नाही." जिभेला हाड नसतं. माझ्या तर पाठीलाही नाही.

घर खरंच छान. दाराशी एकसुद्धा पायरी नाही. पैलवान जागा झाला आणि तासाभरात सगळं उतरलं. मागची खोली मात्र त्यांनी रिकामी ठेवायला सांगितली. दोन खिडक्या, भरपूर ऊन. मी सवयीनं विचारलं, "इथं काही नाही?"

"सध्या नाही. सकाळी फार छान उजेड येतो. कुणाला शिवणकामाला बरा."

"तुम्ही शिवता?"

"नाही."

मग एवढी खोली अडवून कशाला ठेवायची? पण शेवटी त्यांचं घर.

कागदावर सही घेताना मी धीर केला. म्हणालो, "बाई, माझं इकडे यायचं रद्द झालं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "का?"

आता खरं सांगायचं होतं. शब्द तयार होते, आणि मी म्हणालो, "ताईला नको वाटतं."

"ताई असं म्हणाल्या?"

"हो."

त्यांनी सही केली. शेऱ्याच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच. दमल्या असतील.

परत येताना पैलवान जागा होता. निम्म्या वाटेत म्हणाला, "बाई रडत होत्या." मी म्हणालो, नवं गाव आहे, सवय होईल. तो वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "बरं वाटतंय ना तुला?" वर्षभरात हे त्याचं सगळ्यात लांब भाषण.

५ एप्रिल, रविवार

ताई आज भिंतीला सोडून माझ्याशी बोलली. "पोचवून आलास तिला?" मी सगळं सांगितलं: तळमजला, दोन खोल्या, मागची रिकामी.

मशीन थांबलं. "रिकामी का?"

"उजेड चांगला आहे म्हणे. शिवणकामाला."

"ती शिवते?"

"छे."

"पायऱ्या किती?"

"एकही नाही."

ताईनं हातातला ब्लाऊज मांडीवर ठेवला. मला वाटलं सुई टोचली. "मूर्खा," ती शांतपणे म्हणाली, "ती खोली माझी होती."

मी काय ते समजायला वेळ घेतला. तिनं तो दिला नाही. "त्या दिवशी वीस मिनिटं माझे गुडघे विचारत बसली होती, ते काय गंमत म्हणून? आधी नको म्हटलेली नोकरी तू गावाचं नाव घेतल्यावर कशी गोड लागली? आणि तू तिला काय सांगून आलास?"

मी सांगितलं.

"माझ्यावर ढकललंस?" तिचा आवाज चढला. "चालता येत नाही म्हणून मी दारातला अडसर झाले होय? अरे, तू एकदा विचारलं असतंस तर मी बसल्या जागेवरून सरकत सरकत गेले असते! अकरा महिने मी आकाश खिडकीएवढंच बघतेय."

मग ती रडली. आई गेली तेव्हाही तिनं माझ्यासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं.

एका वाक्यात दोन बायकांची घरं उद्ध्वस्त करायला अक्कल लागत नाही. माझ्यासारखा माणूस पुरतो.

९ एप्रिल, गुरुवार

फोन तीनदा केला. पहिल्यांदा त्यांनी उचलला आणि मी ठेवला. दुसऱ्यांदा मी विचारलं, सामानात काही मोडलंय का? त्या म्हणाल्या, "यादीतलं काही नाही." तिसऱ्यांदा उचललाच नाही.

ऑफिसात नव्या पद्धतीनं पहिली यादी आली. छापील, स्वच्छ. शेऱ्याचा रकानाच नाही. त्या यादीवरून नेलेलं पहिलं काचेचं कपाट आम्ही जिन्यात फोडलं. ते फुटलं तेव्हा मला बरं वाटलं, हे इथं लिहून ठेवतो.

ताई म्हणते, जाऊन ये. मी म्हणतो, कोणत्या तोंडानं? ती म्हणते, "एकच आहे ना? तेच घेऊन जा. नुसतं या खेपेला उघडून बोल."

१२ एप्रिल, रविवार

एसटीनं आलो. रिकामा. पंचवीस वर्षांत या रस्त्यानं सामानाशिवाय पहिल्यांदाच.

दार बाईंनी उघडलं. मागच्या खोलीत एक बाई विणत बसलेल्या दिसल्या, उन्हात पाय पसरून. निवृत्त नर्स आहेत. खोली शुक्रवारी त्यांना भाड्यानं दिली. गुरुवारपर्यंत रिकामी होती.

"आता काय हलवायचंय?" बाईंनी विचारलं.

मी दारातच उभा राहून बोललो. बसलो असतो तर पुन्हा खोटं बोललो असतो. म्हणालो, ताई काही म्हणाली नव्हती, तिला शिव्या घालायच्या असतील तर मला घाला. अर्ज खोटा होता. मला कुठंच जायचं नव्हतं. तुम्ही घरी यावं, एवढ्यासाठी भरला. तुम्ही एकेचाळीस वस्तू मोजल्या, त्यातली एकही हलणार नव्हती. तुम्ही एक तास वीस मिनिटं होतात. मला तेवढंच हवं होतं.

बाई चौकट धरून उभ्या होत्या. "आणि त्या एक तास वीस मिनिटांसाठी मी गाव सोडलं."

"हो."

"मला इथली हवा सोसत नाही."

"माहीत आहे."

"माहीत होतं तरी गप्प बसलात!"

आतून नर्सबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"ड्रायव्हर."

"काय घेऊन आलाय?"

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मोजतात तसं. "काही नाही," म्हणाल्या. "नुसताच आलाय."

त्या आत गेल्या. दार लावलं नाही. आत बोलावलंही नाही. मी उंबऱ्यावर बसलो. हातांना काहीतरी हवं म्हणून ही डायरी काढली, तेव्हापासून लिहितोय. मध्ये एकदा चहाचा कप माझ्या शेजारी जमिनीवर ठेवला गेला. कुणी ठेवला ते बघायला मान वर केली नाही. नर्सबाईंच्या सुयांची टिकटिक मागच्या खोलीत चालूच होती, एवढंच सांगतो.

माझी परतीची गाडी साडेपाचची. पावणेसहाला त्या दारात आल्या.

"गेली का तुमची गाडी?"

"गेली."

"बरं."

या 'बरं'चा अर्थ मी लावणार नाही. दोन वर्षं त्यांच्या प्रत्येक शब्दाचा लावला, आणि एकही बरोबर आला नाही. त्या अजून माझ्या मागे उभ्या आहेत. पुढची गाडी किती वाजता आहे ते त्यांनी सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही.